पान उलटून बघा

या महिन्याच्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत आला आहे: ‘पानं खराब झालीत, कुठलं औषध मारू?’ धायरीला अठ्ठावीस वर्षं रोपवाटिका चालवताना हाच प्रश्न मी रोज ऐकला, आणि गिऱ्हाईक पिशवीतून पान काढेपर्यंत उत्तर दिलं नाही. पान खाल्लंय की रंग बदललाय? शेंड्याचं कोवळं आहे की बुडाचं जुनं? पानाच्या मागे काय आहे? एवढं कळलं की निम्मं काम होतं. म्हणून फोटो पाठवताना एक पानाच्या पाठीचा आणि एक अख्ख्या झाडाचा पाठवा. नुसत्या पिवळ्या पानाचा फोटो बघून मी अंदाज बांधणार नाही. चुकीच्या अंदाजाची किंमत तुमचं झाड भरतं.

एक वाचक भगिनी, कोथरूड, पुणे: माझी तांबडी जास्वंद बाल्कनीत आहे. शेंडे बोकडल्यासारखे आखडलेत, कळ्या उमलण्याआधी गळतात. पानांवर काजळीसारखं काळं बसतं, पुसलं की निघतं. खोडावर मुंग्यांची रांग असते. मुंग्यांची पावडर टाकली, पण फरक नाही. गणपतीला फुलं हवी आहेत.

ताई, मुंग्या तुमचं झाड खात नाहीत, म्हणून पावडरीने काही झालं नाही. त्या येतात गोड चाटायला. आखडलेला एक शेंडा तोडून बोटांनी उकला. आत कापसाचे बारीक पुंजके दिसतील. तो पिठ्या ढेकूण. तो कोवळ्या शेंड्यातला रस ओढतो, त्यामुळे पानं चुरमडतात आणि कळी गळते. जास्तीचा रस तो चिकट गोड थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. तो चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. तुम्ही पुसता ती काजळी हीच. मुंग्या त्या चिकट्यासाठी पिठ्याला सांभाळतात, त्याच्या शत्रूंना हुसकतात, त्याची पिल्लं उचलून नव्या फांदीवरही नेतात. पावसाळ्यात उघड्यावरची झाडं धुऊन निघतात, पण तुमच्या बाल्कनीत पाऊस पोचत नाही.

आधी कात्री घ्या. आखडलेले शेंडे तीन बोटं खालपासून कापा आणि थेट प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून तोंड बांधा. कुंडीत किंवा खाली टाकलेत तर पिल्लं चालत परत चढतील. मग उरलेल्या फांद्यांवर, विशेषतः पानांच्या बेचक्यांत, पाण्याचा जोरदार फवारा मारा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडुलिंबाचं तेल: एका वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली भांडी घासायचा पातळ साबण दुधासारखा पांढरा होईपर्यंत घोटा, मग त्यात लिटरभर पाणी. तेल सरळ पाण्यात ओतलंत तर ते वर तरंगतं आणि फवाऱ्याच्या तळाशी उरलेलं, नुसत्या तेलाचं पाणी पडलं की पानं भाजतात. आठ-आठ दिवसांनी असं तीनदा करा. एका फवारणीत काम होत नाही, कारण कापसाच्या पिशवीतल्या अंड्यांपर्यंत काहीच पोचत नाही. ती फुटून पिल्लं बाहेर आली की ती सापडतात.

मुंग्यांसाठी कुंडी पाणी भरलेल्या ताटात, विटेच्या तुकड्यांवर ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील. फांद्या भिंतीला किंवा ग्रिलला टेकता कामा नयेत, मुंगीला तेवढा पूल पुरतो.

एक काळजी मात्र घ्या. पुंजक्यांमध्ये एखादा पांढरा, झालरीझालरीचा, पिठ्याच्या तिप्पट मोठा आणि काडी लावली की तुरुतुरु पळणारा जीव दिसला तर त्याला हात लावू नका. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हा पळणारा म्हणजे क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. ती पिठ्यालाच खाते. हा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला गेला. तो दिसला तर फवारणी थांबवा आणि पंधरा दिवस नुसतं बघा.

हे मी आग्रहाने सांगते, कारण पपईवरच्या पिठ्याची साथ मी जवळून पाहिली आहे. २००८ साली कोइमतूरला तो पहिल्यांदा सापडला आणि दोनेक वर्षांत आपल्याकडच्या पपया, तुती, जास्वंदी पांढऱ्या केल्या. लोक फवारून थकले. शेवटी २०१० साली बंगळूरच्या संशोधन संस्थेने पोर्टो रिकोतून त्याचे तीन प्रकारचे परजीवी कीटक मागवले. त्यातल्या एका बारीकशा माशीने, असेरोफॅगस तिचं नाव, ती साथ आटोक्यात आणली. जिथे फवारणी सतत चालू होती, तिथे त्या माशीलाही जगणं अवघड होतं.

गणपतीचं विचाराल तर खरं सांगते. कापलेल्या फांदीला कळी धरायला दीड-दोन महिने लागतात. चांगल्या फांद्या राखून ठेवा, त्यांची फुलं मिळतील. कापलेल्या फांद्यांची नवरात्रात.

एक वाचक, सोलापूर: अंगणातल्या मोगऱ्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, युरिया टाकला. शेजारी म्हणाले कॅल्शियम कमी आहे, म्हणून अंड्याची टरफलं आणि चुलीची राखही घातली. आता शेंड्याची पानं पांढरट पडू लागलीत. पाणी बोअरचं आहे.

तुमच्या पत्रातल्या ‘नवी पानं’ आणि ‘बोअर’ या दोन शब्दांतच उत्तर आहे. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं, त्यामुळे बुडाची पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात बसलेलं लोह झाडाला हलवता येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की नवं पान पिवळं आणि शिरांची जाळी हिरवी, असं जणू रेखाटलेलं चित्र दिसतं. तुमच्या मातीत लोह नाही असं नाही. माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळे मातीचा सामू (पीएच) आठाच्या वर जातो आणि असलेलं लोह मुळांना घेता येत नाही. टरफलं म्हणजे चुनाच. राखही सामू वाढवते. दोन्ही आजपासून बंद. वर दिसतील तेवढी टरफलं वेचून काढा.

खात्री हवी असेल तर मातीचं सुपारीएवढं ढेकूळ बशीत घ्या आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. सोडा वॉटरसारखं फसफसलं तर चुनखडी आहे. कुंडीच्या काठावर पांढरं पापुद्र्यासारखं चढतं का, तेही बघा.

ताबडतोब आराम पडावा म्हणून फवारणी: लिटरभर पाण्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस. लगेच, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. ठेवलेलं पाणी तांबूस झालं की वाया गेलं. फरशीवर आणि कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, ते सहजी निघत नाहीत, तेव्हा खाली पोतं अंथरा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

पण फवारणी ही उसनवारी झाली. मुळाशी द्यायचं तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागताना पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते वाचा. स्वस्त मिळतं ते बहुधा ‘ईडीटीए’ असतं, आणि तुमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही. त्याबरोबर मूठभर गंधकाची भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आळ्यात घाला. गंधकाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, धीर धरा. आणि आत्ता पावसाळा आहे तर पन्हळीखाली पिंप लावा. मोगऱ्याला दर आठवड्याला दोन बादल्या पावसाचं पाणी मिळालं तरी त्याला उतार पडेल. जुनी पिवळी पानं पुरती हिरवी होतीलच असं नाही. नव्या पानांवर लक्ष ठेवा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकांनी हा उपाय आपल्या अंगणात करू नये. जांभ्याची माती मुळात आम्ल असते, तिथे मोगरा पिवळा पडण्याचं कारण बहुतेक वेळा मुळाशी साचलेलं पाणी असतं.

एक वाचक भगिनी, बदलापूर: फाटकाजवळची तगर सोमवारी भरगच्च होती. गुरुवारी नुसत्या काड्या. एकही किडा दिसत नाही. कुणी रात्री पानं तोडून नेली का?

कुणी नेली नाहीत. झाडाखालच्या फरशीवर बघा. मिरीच्या दाण्याएवढ्या, काळपट हिरव्या, उभ्या खाचा असलेल्या लेंड्या पडलेल्या असतील. जिथे त्या जास्त, त्याच्या बरोबर वरच्या फांदीकडे मान वर करून दोन मिनिटं न हलता बघत राहा. मी पहिल्यांदा अशी बघितली तेव्हा ती माझ्या नाकासमोर होती आणि तरी पाच मिनिटं दिसली नव्हती. बोटाएवढी जाड, तीन इंच लांब, तगरीच्या पानाच्याच हिरव्या रंगाची अळी. कडेने पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, शेपटीकडे छोटंसं पिवळट शिंग. काडीने डिवचलं तर ती डोकं आत ओढून मान फुगवते आणि मग दोन निळे, पांढऱ्या मध्याचे गोल डोळे वटारलेले दिसतात. ते डोळे नाहीत, पाखरांना घाबरवायचे ठिपके आहेत. चावत नाही, डंख नाही. कण्हेरीवर आणि तगरीवर वाढणाऱ्या मोठ्या हिरव्या पतंगाची ही अळी, पंख जणू हिरव्या संगमरवराचे. रात्री फुलांवर भिरभिरताना दिसला तर थांबून बघाल असा.

दोन-चार अळ्या असतील तर चिमट्याने किंवा हातमोजा घालून उचला आणि ओढ्याकाठच्या एखाद्या कण्हेरीवर सोडा. मी हेच करते. अळ्या बारीक, अर्ध्या इंचाच्या आणि खूप असतील तर बीटी जिवाणूची पावडर, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी फवारायची. मोठ्या अळीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. तुमच्या झाडावर आत्ता अळ्या सापडल्या नाहीत तर त्या पोट भरून खाली उतरल्या आणि पाचोळ्यात कोषात गेल्या, एवढाच अर्थ. मग काही फवारू नका. तगर चिवट आहे. पाणी नेहमीएवढंच द्या, खत घालायची घाई करू नका. पावसाळ्यात तीन आठवड्यांत तिला नवी पालवी येईल.

शेवग्यावर मात्र केसाळ सुरवंटांचे थवे खोडाला चिकटून बसलेले दिसले तर हात अजिबात लावू नका. त्यांच्या केसांनी अंगाला आग सुटते, मुलांना तर फारच त्रास होतो.

एक वाचक, कोल्हापूर: गुलाबाच्या पानांच्या कडा कुणी पंचिंग मशीनने कापल्यासारख्या गोल कापल्यात. शिवाय खालच्या पानांवर काळे डाग पडून पानं गळतायत. दोन्हीवर एकच औषध चालेल का?

पहिल्यावर काहीच मारायचं नाही. ते गोल तुकडे पानकापी मधमाशी नेते. ती एकटी राहते. बांबूच्या पोकळीत, भिंतीतल्या भोकात, कधी कधी कुलपाच्या भोकातसुद्धा ते तुकडे गुंडाळून पिल्लांसाठी खोल्या करते. ती पान खात नाही, गुलाबाला काही होत नाही, आणि परागीभवनाचं काम ती मोठं करते. तेवढे तुकडे तिला द्या.

काळे डाग हा खरा रोग आहे. डागाची कड नीट बघा. गोल गुळगुळीत नसून पिसासारखी फाटलेली, आणि भोवती पिवळेपणा असेल तर तो ब्लॅक स्पॉट. बुरशीचे कण पावसाच्या थेंबांनी खालून वर उडतात, म्हणून सुरुवात नेहमी बुडाच्या पानांपासून. खाली पडलेलं प्रत्येक डागाळलेलं पान वेचा आणि घराबाहेर टाका, खतखड्ड्यात नको. बुडाची वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाका. पाणी घातलंच तर सकाळी, मुळाशी, पानं न भिजवता. पाऊस उघडला की मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, दहा दिवसांनी पुन्हा. फवारताना तोंडाला फडकं, हातात मोजे.

ऑक्टोबरमध्ये छाटणी कराल तेव्हा बोर्डो मिश्रण वापरा, कारण तेव्हा कोवळी पानं नसतात. प्लॅस्टिकच्या एका मगात अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम कळीचा चुना, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. भांडं लोखंडाचं नको. एक स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवा. खिळ्यावर तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी आहे, थोडा घालून पुन्हा बघा. आकाशी रंगाचं हे पाणी त्याच दिवशी संपवायचं. फ्रान्सच्या बोर्दो भागात द्राक्षांवरच्या रोगासाठी १८८५ च्या सुमारास हे मिश्रण पुढे आलं. आपल्या नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना ते वेगळं सांगायला नको.

एक वाचक भगिनी, अकोला जिल्हा: दारातल्या क्रोटनवर पांढरी कीड आहे. मालक कपाशीच्या फवारणीतलं उरलेलं औषध आणतो म्हणतात. बाटलीवरचं लेबल निघून गेलंय. किती घालू?

एक थेंबही नाही. मी हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण ही चूक मी केली आहे. रोपवाटिकेच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका दुकानातून मोकळी भरून दिलेली बाटली आणली, नाव नाही, प्रमाण तोंडी सांगितलेलं. दुपारी अकरा वाजता एक्झोऱ्याच्या चाळीस कुंड्यांवर फवारलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा विडीच्या जळक्या टोकासारख्या झाल्या, आणि शेजारच्या फुललेल्या तुळशीखाली मधमाश्या मरून पडल्या होत्या. मी त्या केरसुणीने गोळा केल्या. कुंड्या परत फुटल्या. त्या मधमाश्यांचं दुःख मात्र अजून जात नाही.

तुम्ही विदर्भातल्या आहात. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत आहे. तेच औषध दारात, जिथे मुलं खेळतात आणि धुणं वाळतं, तिथे कशाला? बाटलीवर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लेबल गेलं म्हणजे त्रिकोण गेला, आणि विष प्यायला गेलं तर डॉक्टरांना सांगायचं नावही गेलं. मालकांना सांगा, ती बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा आणि कृषी सहायकांना विचारून तिचं काय करायचं ते ठरवा. क्रोटनला वर कोथरूडच्या ताईंना सांगितलेलाच उपाय करा. क्रोटनचं पान रुंद आणि गुळगुळीत असतं, त्यामुळे कीड थोडी असेल तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसूनही जाते.

एक वाचक, चिपळूण: रात्रीत जास्वंदीच्या आणि शेवंतीच्या पानांना मोठी भोकं पडतात. सकाळी पानावर चकचकीत रेघ दिसते.

ती शंखी गोगलगाय. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, भेटेल. दोन पोती गुळाच्या पाण्यात भिजवून झाडांमध्ये पसरा. पहाटे पोत्याखाली त्या जमतील. मोजे घालून गोळा करा, उघड्या हाताने नको, आणि बादलीतल्या मिठाच्या दाट पाण्यात टाका. मीठ जमिनीवर शिंपडू नका, झाडं जळतात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री खातात आणि मरतात, तेव्हा घरात कुत्रं असेल तर त्या आणूच नका. हे पंधरा दिवस रोज करावं लागेल, आणि शेजाऱ्यांनीही केलं तरच कमी होतील.

एक वाचक भगिनी, एडिसन, न्यू जर्सी: कढीपत्ता दर हिवाळ्यात घरात आणला की पानं निस्तेज होऊन गळतात. आई डिसेंबरात येणार आहे, तिला गावाहून नवं रोप आणायला सांगू का?

रोप सांगू नका, ताजी पानंसुद्धा नकोत. कढीपत्त्यावर येणारी एक सिल्ला कीड लिंबू-संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार करते, म्हणून अमेरिकेत भारतातून कढीपत्ता आणायला मनाई आहे. ही मनाई योग्यच आहे. नागपूर-अमरावतीच्या संत्राबागांमध्ये तो रोग काय करतो ते आपण पाहिलेलं आहे.

तुमच्या झाडाला दोन गोष्टी होतायत. एक तर थंडी आणि कमी ऊन लागलं की कढीपत्ता विसावतो, पानं झडतात. ते आजारपण नाही. तेव्हा पाणी कमी करा, माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत सुकल्यावरच द्या आणि खत बंद ठेवा. दुसरं म्हणजे हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी फार वाढतो. पांढरा कागद पानाखाली धरून फांदीला टिचकी मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले आणि बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली तर तो कोळी. झाड न्हाणीघरात नेऊन दर आठवड्याला पानांच्या पाठी कोमट पाण्याच्या धारेने धुवा. चार-पाच आठवडे नेमाने केलंत तर दुसरं काही लागत नाही. हीटरच्या झोतापासून लांब, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. सप्टेंबरअखेर रात्री थंड होऊ लागल्या की आत घ्या, आणि आत घेण्याआधी एकदा धुऊन, पानं उलटून बघून घ्या, म्हणजे बाहेरचा कोळी घरात येणार नाही. बाहेर काढायची घाई करू नका. रात्रीचं धुकं आणि हिव पुरतं सरलं, की मेच्या उत्तरार्धात, आधी आठवडाभर सावलीत आणि मग उन्हात.